बॉम्बवरचा पिवळा पट्टा कोणासाठी असतो?

१/
ऑक्टोबर २००१. अफगाणिस्तानवर अमेरिकी विमाने दोन प्रकारच्या पिवळ्या वस्तू टाकत होती. एक म्हणजे प्लास्टिकची चौकोनी पाकिटे. त्यांत एका माणसाचे दिवसभराचे अन्न होते. वर जेवणाऱ्या माणसाचे चित्र, आणि ही अमेरिकी जनतेची भेट आहे अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. दुसरी वस्तू म्हणजे शीतपेयाच्या डब्याएवढे धातूचे नळकांडे, बीएलयू-९७ या नावाचा लहान बॉम्ब. दोन्हींचा रंग इतका सारखा होता, की त्या महिन्याच्या अखेरीस फारसी व पश्तू भाषांत रेडिओवरून बजावावे लागले: चौकोनी दिसेल ते अन्न, डब्यासारखे दिसेल त्याला हात लावू नका.

२/
या गोंधळामागे कोणाचा कपटी बेत नव्हता, आणि म्हणूनच त्याचा विचार व्हायला हवा. अन्नाची पाकिटे पिवळी होती, कारण मातकट उतारावर ती दुरून दिसायला हवी होती. बॉम्ब पिवळे होते, कारण अमेरिकी सैन्याच्या रंगसंहितेत पिवळा रंग म्हणजे आत तीव्र स्फोटक असल्याची खूण. दोन्ही खात्यांनी आपापले नियम चोख पाळले होते. चूक झाली ती एकाच ठिकाणी: या रंगांचा अखेरचा वाचक कोण, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो वाचक होता डोंगरावर सरपण गोळा करणारा माणूस, किंवा मेंढरांमागे फिरणारे पोर.

३/
हवाई बॉम्बवरील रंग, पट्टे आणि आकडे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. बहुतेक लेखनाचा रोख हा रंग म्हणजे हे आणि तो रंग म्हणजे ते, असा असतो. ती माहिती रंजक आहे आणि पुढे येईलच. पण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातून वेगळेच सत्य समोर येते. ही भाषा बॉम्ब हाताळणाऱ्याच्या रक्षणासाठी घडली. ज्याच्या शेतात तो पडतो, त्याचा तिच्या घडणीत कधीच विचार झाला नाही. म्हणून रंग पाहून बॉम्ब ओळखण्याची विद्या सामान्य माणसाला शिकवणे व्यर्थ आहे. त्याचे रक्षण दुसऱ्याच मार्गाने करावे लागेल.

४/
आधी या भाषेची गरज समजून घेऊ या. कारखान्यातून निघालेला बॉम्ब आगगाडी, जहाज, कोठार, ट्रक अशा अनेक हातांतून जात विमानाच्या पंखाखाली पोहोचतो. वाटेत त्याला हात लावणाऱ्या शेकडो जणांपैकी फारच थोड्यांना त्याची रचना ठाऊक असते. अंधार असतो, घाई असते, कधी आग लागलेली असते. अशा वेळी कागदपत्रे चाळायला सवड नसते. आत काय आहे, ते आगीत किती वेळ टिकेल, पाणी मारावे की पळावे, हे एका दृष्टिक्षेपात कळावे लागते. रंग हे काम करतो. कोठारातील मजुरासाठी आणि धावपट्टीवरच्या आर्मररसाठी ती जीव वाचवणारी खूण आहे, यात शंका नाही.

५/
अमेरिकी पद्धत सर्वांत परिचित आहे. गडद ऑलिव्ह हिरव्या अंगावर नाकाजवळ पिवळा पट्टा म्हणजे तीव्र स्फोटक. तपकिरी पट्टा मंद ज्वलनाच्या द्रव्यासाठी, म्हणजे अग्निबाणाच्या इंधनासारख्या पदार्थांसाठी. फिकट लाल आग लावणाऱ्या अस्त्रांचा, फिकट हिरवा धुराचा, पांढरा प्रकाश पाडणाऱ्यांचा. करडा रंग रासायनिक अस्त्रांचा. आणि निळा सरावाच्या बॉम्बचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत अमेरिकी स्फोटक बॉम्ब अंगभर पिवळे असत. असा रंग दडवणे कठीण, म्हणून पुढे अंग हिरवे झाले आणि पिवळा पट्ट्यापुरता उरला. नाटो राष्ट्रांनीही रंगांची समान संहिता ठरवून घेतली, तिच्यातही पिवळ्याचा अर्थ हाच आहे.

६/
रंगापेक्षाही महत्त्वाची असतात ती साच्याने उमटवलेली अक्षरे: बॉम्बचा प्रकार, वजन, आतील द्रव्य, भरण्याची तारीख आणि लॉट क्रमांक. लॉट क्रमांक म्हणजे एकाच वेळी, एकाच भरणीतून निघालेल्या बॉम्बची सामाईक ओळख. एखाद्या लॉटमधील एक बॉम्ब सदोष निघाला, तर जगभरच्या कोठारांतून त्याची भावंडे बाजूला काढता येतात. रशियन परंपरेत तर करड्या अंगावरची काळी अक्षरेच मुख्य ओळख सांगतात. फाब-५०० असे लिहिलेले असले, की तो ५०० किलो गटातील स्फोटक बॉम्ब आहे हे जाणकाराला कळते.

७/
काही पट्ट्यांमागे फार मोठी किंमत मोजली गेली आहे. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवर एक अग्निबाण चुकून सुटला आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळला. आग लागली. डेकवर त्या दिवशी कोरियन युद्धाच्या काळातले जुने, पातळ कवचाचे हजार पौंडी बॉम्ब चढवलेले होते. नव्या बॉम्बच्या हिशेबाने आग विझवणाऱ्यांना काही मिनिटे मिळायला हवी होती. पहिला बॉम्ब सुमारे दीड मिनिटातच फुटला, आणि नळ्या घेऊन पुढे गेलेले पथक जवळजवळ संपूर्ण मारले गेले. त्या दिवशी नौकेवर एकूण १३४ माणसे मेली.

८/
त्यानंतर नौदलाच्या बॉम्बना उष्णतारोधक लेप देण्यात आला. त्याचे अंग खडबडीत लागते आणि नाकाजवळ एकाऐवजी दोन पिवळे पट्टे असतात. पुढे कमी संवेदनशील स्फोटक भरलेले बॉम्ब आले, त्यांवर तीन पट्टे आले. आज डेकवरच्या खलाशाला ते पट्टे मोजून कळते, की हा बॉम्ब आगीत थोडा अधिक वेळ देईल. ही भाषा तिच्या खऱ्या वाचकासाठी किती काळजीपूर्वक सुधारली जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्या माणसांचा जीव गेला, तेव्हा भाषेत नवा शब्द आला. हे लक्षात ठेवावे. शेवटी त्याचा संदर्भ पुन्हा येईल.

९/
आता शत्रूची भाषा वाचण्याचा प्रसंग पाहू. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बपैकी पुष्कळ न फुटता जमिनीत रुतत. ते खणून काढणाऱ्या इंग्रज सैनिकांना शेपटीच्या शंकूवरचे पट्टे वाचावे लागत. पिवळे पट्टे म्हणजे ‘एससी’, पातळ कवचाचा आणि भरपूर स्फोटकाचा, इमारती पाडणारा. लाल म्हणजे ‘एसडी’, जाड कवचाचा, तुकडे उडवणारा. निळा म्हणजे ‘पीसी’, चिलखत भेदणारा. पण जमिनीत शिरताना शेपटी बहुधा तुटून पडे. ती जवळपास सापडली तर ठीक. नाही तर केवळ आकारावरून अंदाज बांधावा लागे.

१०/
खरा मजकूर असे तो फ्यूजच्या तबकडीवर, वर्तुळात कोरलेला आकडा. १७ म्हणजे आत घड्याळ आहे आणि स्फोट तीन दिवसांपर्यंत लांबू शकतो. ५० म्हणजे बॉम्ब जरा हलला तरी फुटेल. हे दोन्ही आकडे एकाच बॉम्बवर दिसले, तर घड्याळ थांबवायला जाणाऱ्याला हलकासा धक्काही परवडत नसे. फ्यूज उपसणाऱ्याचाच बळी घेण्यासाठी त्याखाली आणखी एक सापळा बसवण्याची युक्तीही जर्मनांनी केली. आकडा वाचता आला म्हणजे बॉम्ब जिंकला, असे नव्हते. वाचता येणाऱ्यासाठीच पुढचा डाव रचलेला असे.

११/
अर्ल ऑफ सफोक या इंग्रज उमरावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. न फुटलेल्या बॉम्बचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रीय पथकाचा तो प्रमुख. त्याची सचिव आकड्यांची व हालचालींची प्रत्येक नोंद टिपून ठेवी. पुढच्या माणसाला निदान चूक कोठे झाली ते कळावे म्हणून. चौतीस बॉम्ब त्यांनी निकामी केले. १२ मे १९४१ रोजी एरिथच्या दलदलीत पस्तिसावा बॉम्ब फुटला. त्याच्यावर १७ आणि ५० हे दोन्ही आकडे होते. सफोक, त्याची सचिव, त्याचा चालक आणि सोबतची माणसे गेली. खुणांचा सर्वांत निष्णात वाचकही अखेर या भाषेवर विसंबून राहू शकला नाही.

१२/
शिवाय भाषा प्रत्येक सैन्याची वेगळी. एकट्या लाल रंगाचे पाहा. ब्रिटिश हवाई दलाच्या गडद हिरव्या बॉम्बवर नाकाजवळचा लाल पट्टा म्हणजे बॉम्ब भरलेला आहे. जर्मन बॉम्बच्या शेपटीवर लाल म्हणजे तुकडे उडवणारा. अमेरिकी रासायनिक बॉम्बच्या करड्या अंगावर लाल पट्टा म्हणजे डोळे-नाक झोंबवणारा वायू. एकच महायुद्ध, एकच रंग आणि तीन अर्थ. बॉम्ब कोणाचा, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या दलाचा, हे आधी ठाऊक असल्याखेरीज रंगाला काहीच अर्थ नाही. आणि ज्याला हे सारे आधीच ठाऊक आहे, त्याला रंगाची फारशी गरजही उरत नाही.

१३/
रासायनिक अस्त्रांच्या खुणा पहिल्या महायुद्धापासूनच्या. जर्मन तोफगोळ्यांवर रंगीत फुल्या असत: फुप्फुसे जाळणाऱ्या वायूला हिरवी, शिंका-ओकाऱ्या आणणाऱ्या द्रव्याला निळी, मस्टर्ड वायूला पिवळी. सैनिकांच्या बोलण्यात ‘पिवळी फुली’ हे त्या वायूचे नावच होऊन गेले. ही खूणही तोफेवरच्या जर्मन गोलंदाजासाठी होती, वाऱ्याची दिशा पाहून कोणता गोळा निवडावा हे त्याला कळावे म्हणून. समोरच्या खंदकातल्या माणसाला रंग दिसे तो फुटलेल्या कवचावर. तोवर वायू त्याच्या अंगावर आलेला असे.

१४/
खूण असूनही ती दडवली, तर काय होते? २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. बुडालेल्या जहाजांत ‘जॉन हार्वे’ हे अमेरिकी जहाज होते. त्याच्या पोटात मस्टर्ड वायूचे सुमारे २,००० बॉम्ब होते. जर्मनीने वायू वापरलाच, तर उत्तर द्यावे म्हणून गुपचूप आणलेले. ज्या थोड्या माणसांना हे ठाऊक होते, ती जहाजाबरोबर गेली. मस्टर्ड तेलात मिसळून पाण्यावर पसरले. त्यातून पोहत आलेले खलाशी ओल्या कपड्यांनिशी इस्पितळात पडून राहिले. त्यांना धुवायला हवे, हे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही.

१५/
चौकशीसाठी स्ट्यूअर्ट अलेक्झांडर हा तरुण लष्करी डॉक्टर आला. लक्षणांवरून त्याला मस्टर्डची शंका आली, पण वरचे कोणी कबूल करीना. अखेर बंदराच्या तळातून बॉम्बच्या कवचाचे तुकडे वर काढण्यात आले. जर्मन मस्टर्डवर असणारी पिवळी फुली त्यांवर नव्हती. कवच अमेरिकी १०० पौंडी बॉम्बचे निघाले. सहाशेहून अधिक बाधित सैनिक व खलाशांपैकी ८३ जण दगावले. गावातले किती नागरिक मेले, याची मोजदादच झाली नाही. पुढे चर्चिलच्या सांगण्यावरून ब्रिटिश कागदपत्रांतून मस्टर्डचा उल्लेख काढून शत्रूच्या कारवाईने झालेले भाजणे असे लिहिण्यात आले. बॉम्बवर खूण होती. लोकांच्या कानांवर मात्र काहीच आले नाही.

१६/
साडेचार महिन्यांनी मुंबईने असेच अनुभवले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. आत सुमारे १,४०० टन दारूगोळा व स्फोटके आणि जोडीला कापसाच्या गासड्या. गोळ्या-बॉम्बच्या पेट्यांवर नियमाप्रमाणे अक्षरे असतील, पण ती जहाजाच्या पोटात होती. वर धुराचे लोट पाहूनही गोदी रिकामी करण्याचा इशारा दिला गेला नाही. हमाल व खलाशी आपापल्या कामात राहिले. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मृतीसाठी.

१७/
लहान बॉम्बची गोष्ट अधिक क्रूर आहे. जर्मन ‘एसडी-२’ हा दोन किलोचा बॉम्ब पडताना पंखांसारखी कवचे उघडी, म्हणून इंग्रजांनी त्याला फुलपाखरू म्हटले. जून १९४३ मध्ये ग्रिम्सबी व क्लीथॉर्प्स या गावांवर असे बॉम्ब मोठ्या संख्येने पडले. झाडांत, छपरांवर, गटारांत ते अडकून राहिले, आणि हल्ला संपल्यावर कुतूहलाने हात लावणारी माणसे मेली. काही हिरवट-करडे होते, काही पिवळट. शत्रूला आपले यश कळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने ही बातमी दाबली. परिणामी दुसऱ्या गावांतील लोकांना त्या वस्तूची ओळखच झाली नाही.

१८/
लाओसमध्ये तर बॉम्बची नावेच फळांची होती. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत सुमारे २७ कोटी लहान बॉम्ब होते. एकाला सैनिक ‘अननस’ म्हणत, दुसऱ्याला ‘पेरू’, तिसऱ्याला ‘संत्रे’. अननस पिवळा होता. जवळपास ३० टक्के बॉम्ब फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. युद्ध संपल्यावर वीस हजारांहून अधिक माणसे त्यांच्यामुळे मेली किंवा अपंग झाली. लाओ भाषेत त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. मुलांना तो चेंडू वाटतो. विमानतळावरच्या सैनिकाला गंमत म्हणून सुचलेले नाव शेतातल्या पोराच्या डोळ्यांना खरेच वाटले.

१९/
आणि रंग टिकतो तरी किती? जर्मनीत आजही पायाभरणीच्या खड्ड्यांत महायुद्धातले बॉम्ब सापडतात. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रँकफर्टला एका १.८ टनी ब्रिटिश बॉम्बसाठी साठ हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. अशा बॉम्बवर ना लाल पट्टा उरतो, ना अक्षरे; उरतो तो गंजाचा पापुद्रा. फ्यूजमधले रसायन मात्र आपले काम करीत असते. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेनमध्ये ५०० किलोचा बॉम्ब निकामी करण्याची तयारी चालू असतानाच तो फुटला आणि या कामात मुरलेली तीन माणसे गेली. रंग काही वर्षांत जातो, स्फोटक पिढ्यान्‌पिढ्या राहते.

२०/
‘निळा म्हणजे निरुपद्रवी’ हाही असाच घातक समज. सरावाच्या निळ्या बॉम्बमध्ये तो कोठे पडला ते दिसावे म्हणून धूर करणारे काडतूस असते. ते हात तोडू शकते. निळ्यावर तपकिरी वा पिवळा पट्टा असेल तर आत सजीव द्रव्य आहे, असाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रालाही हे परके नाही. अहिल्यानगरजवळ खारेकर्जुने परिसरात लष्कराचे सराव क्षेत्र आहे. तेथे पडणाऱ्या तोफगोळ्यांचे भंगार वेचताना माणसे मेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अनेकदा आल्या आहेत. ते हवाई बॉम्ब नसले, तरी न्याय तोच. भंगार वेचणारा माणूस पट्टे मोजत नाही. तो पितळेचा भाव मोजतो, कारण घरची चूल त्यावर असते.

२१/
यावर एक रास्त आक्षेप येतो. बॉम्ब भडक रंगाचे नसते, तर अधिक बरे झाले असते का? मुळीच नाही. मातकट रंगाचा बॉम्ब गवतात दिसणारच नाही. त्यावर नांगराचा फाळ किंवा पाय पडेल. सुरुंग-बॉम्ब हुडकणाऱ्या पथकांना पिवळा रंग उपयोगीच पडतो. म्हणजे भडक रंग पोरांना बोलावतो आणि मळकट रंग शेतकऱ्याला फसवतो. या पेचातून सुटका करणारा तिसरा रंग कोणत्याही डब्यात मिळणार नाही. त्यामुळे दोष रंगाच्या निवडीत आहे, असे म्हणणे उथळ ठरेल.

२२/
तरीही २००१ च्या निर्णयाकडे पाहण्यासारखे आहे. टीका वाढली, तेव्हा नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकी लष्कराने रंग बदलण्याचे जाहीर केले. रंग बदलायचा ठरला तो अन्नाच्या पाकिटांचा. आधी निळा ठरला. पुढच्या काळातली पाकिटे गुलाबी-केशरी छटेची झाली. बॉम्ब पिवळेच राहिले. ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार मार्च २००२ पर्यंत तेथे १,२२८ क्लस्टर बॉम्ब टाकले गेले, म्हणजे सुमारे अडीच लाख लहान बॉम्ब. ‘फॉरेस्टल’वरच्या मृत्यूंनी बॉम्बवर नवा पट्टा आणला होता. डोंगरातल्या मृत्यूंनी भाकरीचे वेष्टन बदलले. कोणाच्या जिवाने ही भाषा बदलते, हे यावरून कळते.

२३/
मग उपाय कोणता? बॉम्बवर काय लिहिले आहे यापेक्षा तो कोठे टाकला, याची नोंद अधिक मोलाची. २००३ साली संमत झालेल्या, युद्धोत्तर स्फोटक अवशेषांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे पाचव्या प्रोटोकॉलमध्ये, पक्षांनी वापरलेल्या अस्त्रांची नोंद ठेवावी आणि लढाई थांबताच ती सोपवावी, असे कलम आहे. भारत या कराराचा सदस्य आहे. अमेरिकेने इंडोचायनातील बॉम्बफेकीच्या नोंदी खुल्या केल्या त्या २००० साली, लाओसवरचा शेवटचा बॉम्ब पडल्यानंतर सत्तावीस वर्षांनी. तोवर नकाशाचे काम जखमी माणसांनी केले. जेथे पाय गेला, तेथे खूण झाली.

२४/
दुसरा उपाय मुळावरचा आहे. २००८ च्या करारान्वये शंभराहून अधिक राष्ट्रांनी क्लस्टर बॉम्ब सोडून दिले. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि पाकिस्तान त्यात नाहीत. सीमेवरच्या गरजा सांगून याचे समर्थन केले जाते आणि तो युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५ साली लिथुआनियाही रशियाच्या भीतीने करारातून बाहेर पडला. पण ज्या अस्त्राचा काही भाग न फुटता मागे राहणार, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असते, त्याचा हिशेब टाकण्याच्या दिवसापाशी थांबत नाही. जो देश ते कोठारात ठेवतो, त्याने निदान नोंदी, सफाई आणि भरपाई यांची जबाबदारी आधीच लिहून द्यायला हवी.

२५/
आणि सामान्य माणसाला शिकवायचे ते एवढेच: ओळखू नका. हात लावू नका, हलवू नका, पाणी किंवा माती टाकू नका. आल्या वाटेने मागे फिरा, इतरांना दूर ठेवा, पोलिसांना कळवा. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे. लाओसच्या शाळांतही मुलांना शिकवतात ते हेच, की अनोळखी धातूची वस्तू चेंडू समजू नये. रंगांचे तक्ते अभ्यासकाने जरूर वाचावेत. युद्धाचा इतिहास त्यांत दडलेला आहे. पण गावाच्या वेशीवर लावायच्या फलकावर रंगांचा तक्ता नको, कारण तक्ता पाहिलेल्या माणसाला खात्री करून घेण्याचा मोह होतो.

२६/
पिवळा पट्टा खोटे बोलत नाही. आत स्फोटक आहे, हे तो प्रामाणिकपणे सांगतो, पण त्याची भाषा शिकलेल्यालाच. बाकीच्यांसाठी बोलण्याचे काम नकाशांनी, नोंदींनी आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्यांनी करायचे असते. बारीत ते झाले नाही, मुंबईच्या गोदीत झाले नाही, लाओसमध्ये सत्तावीस वर्षे झाले नाही. बॉम्ब टाकणाऱ्या प्रत्येक सैन्याला तो कोठे टाकला हे त्याच दिवशी ठाऊक असते. त्या माहितीवर पहिला हक्क तेथे राहणाऱ्या माणसांचा आहे.